पुसलेला श्वास

"माझ्या नवऱ्याचा श्वास पुसायचा हक्क तुम्हाला दिला कुणी?"

प्रागमधल्या रेकॉर्ड कंपनीच्या खिडकीपुढच्या रांगेत ओताकार दचकला. त्याच्या पुढच्या लिबुशेबाईंच्या हातात जुन्या रोमँटिक संगीताची, तंतुवाद्यांच्या चौकडीच्या जुन्या ध्वनिमुद्रणावरून काढलेली नवी सीडी होती.

"आजीबाई," खिडकीतला पोरगा म्हणाला, "आम्ही फक्त आवाज स्वच्छ केला. सुरुवातीला कुणीतरी नाकानं फुसकन..."

"कुणीतरी? तो माझा व्लास्तिमिल! पहिलं व्हायोलिन त्याचं. त्यानं श्वास ओढला की चौघांचे गज एकदम तारांवर पडायचे."

"लोकांना तो खोकला वाटतो. तक्रारी येतात."

"चुलीत गेले लोक! त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. जुनी तबकडी झिजेपर्यंत मी रोज तेवढंच ऐकलं. संगीत काय, कुणीही वाजवतं."

"अहो, पण..."

"मूळ टेप काढा."

"साफ केल्यावर जुन्या टेपा आम्ही ठेवत नाही."

वडिलांच्या चेलोची टेप ओताकारनं साफ करायलाच आणली होती. त्यानं ती कोटाच्या आत सारली.

"ठेवत नाही म्हणजे? कुणी टाकली? कुठं टाकली? मान खाली घालू नकोस, बोल!"