सशाची साक्ष

मुक्ताबाई : आवाज खाली करू? का म्हनून? माझी गाय गुरांच्या छावणीतून भायेर काढली, तवा दवंडी हळू पिटली हुती व्हय?

सूर्यभान : बाई, ही प्रयोगशाळा आहे, तिसगावचा बाजार नाही. तपासणीच्या चिठ्ठीत मी लिहिलंय ते खरं आहे. तुमच्या गाईनं वासरू टाकलं, त्याचा नमुना मी स्वतः तपासला. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू निघाले. अशी गाय छावणीत ठेवली तर आणखी पन्नास गाई गाभ टाकतील.

मुक्ताबाई : पोटात काडी न्हाई, तर गाभ टिकंल कसा? मानसं खडी फोडायला जात्यात ह्या दुष्काळात, आन् तुमी म्हनता जंतू! दोन दिस झालं, कपिली छावणीच्या भायेर बाभळीला बांधलीय. आत वैरन वाटत्यात, ही वास घेती नि हंबरती. आजून दोन दिसांत मरंल ती. मंग जंतू घिऊन बसा मांडीवर.

सहादेव : मावशी, बसा तरी. पानी घ्या.

मुक्ताबाई : तू रं कोन?

सहादेव : सहादेव. हितला शिपाई. सशांचं चारापानी मीच बघतो.

मुक्ताबाई : ससं? गाईच्या रोगात ससं कशाला?

सूर्यभान : त्यांच्या रक्तावरच तपासणी होते. जंतूच्या अंगावर पातळ आवरण असतं. त्यातलं प्रथिन काढून आम्ही सशाला टोचलं. मग त्या प्रथिनाला धरणारं द्रव्य सशाच्या रक्तात तयार होतं. त्या रक्तावरचं निवळ पाणी तुमच्या गाईच्या जंतूंत घातलं, आणि लगेच गुठळ्या झाल्या. ओळख पटली, संपलं.

मुक्ताबाई : म्हंजी एका सशानं माझ्या गाईवर साक्ष दिली.

सूर्यभान : तसंच समजा.

मुक्ताबाई : आन् साक्षीदाराचं आदीपासून वाकडं हाय का, ते कुनी इचारलं? बांधाचं भांडन आसलं तरी आमचं पंच पयलं तेच इचारत्यात.

सूर्यभान : सशाचं गाईशी कसलं आलंय वाकडं! तसं... टोचण्याआधी थोडं रक्त काढून ठेवतात. त्याच्याशी ताडून बघायचं असतं.

मुक्ताबाई : मंग बगितलं?

सहादेव : बाटली हाय सायेब. 'पहिलं रक्त' म्हनून तुमी चिठ्ठी दिली, मी डकवली. बर्फाच्या पेटीत हाय. बूच काय निघालं न्हाई आजून.

सूर्यभान : तू मधे बोलू नकोस!

मुक्ताबाई : का न्हाई बोलायचं त्यानं? काढा की बूच! माझ्यासमोर काढा!

सूर्यभान : वरून रोज विचारणा होतेय, निकाल द्या, निकाल द्या. वेळ कुठं होता मला? आण रे ती बाटली. बघाच तुम्ही, काही होणार नाही. साध्या पाण्यासारखं राहील.

(काचपट्टीवर गाईच्या जंतूंत बाटलीतला थेंब पडतो. सूर्यभान पट्टी हलकेच हलवत उजेडाकडे धरतो.)

सहादेव : सायेब, दूध फाटल्यावानी झालं.

सूर्यभान : दिसतंय मला. न टोचलेल्या सशाच्या रक्तानं असं होता कामा नये. सहादेव, सशांना काय घालतोस तू?

सहादेव : लसूनघास मिळंना. शेजारच्या गोठ्यातलं गव्हानीत उरलेलं आनतो. झाडून घितो की.

सूर्यभान : शेणामुतात लोळलेलं? अरे गाढवा, कधीपासून?

सहादेव : पोळ्यापासनं. आन् वरडू नका सायेब. चार डाव सांगितलं तुमाला, घास न्हाई. तुमी म्हनला, कायतरी बघ. बगितलं.

सूर्यभान : शेणात साधे जंतू असतात, निरुपद्रवी. टोचण्याच्या आधीपासून ससा रोज तेच खात होता. त्यांची ओळख त्याच्या रक्तात आधीच होती. वासराला शेण लागलेलं असणार. नमुन्यात तेच जंतू वाढले, आणि मी गर्भपाताचे म्हणून लिहून मोकळा झालो.

मुक्ताबाई : गाईचं उष्टं खाऊन गाईवरच उलटला मुडदा! त्याला तरी काय बोलू, मुकं जनावर. तुमी तर शिकल्यालं ना?

सूर्यभान : चुकलं मावशी. दुसरी चिठ्ठी देतो.

मुक्ताबाई : काय लिवनार?

सूर्यभान : गाय निरोगी आहे असं नाही लिहिता यायचं. ते मला आत्ता माहीत नाही, नमुना परत घ्यावा लागेल. 'तपासणी चुकीची होती, रोगाचा पुरावा नाही,' एवढं लिहितो.

मुक्ताबाई : तेच लिवा. गाय नीट हाय ते मला ठावं हाय. चूक तुमची, ते गावाला ठावं न्हाई. आन् नुसता कागद नको. तीनच्या यष्टीला चला. दवंडी परत पिटायची, तुमी म्होरं उभं ऱ्हायचं.

सूर्यभान : येतो.

सहादेव : सायेब, ह्याच सशावर आजून तीन चिठ्ठ्या गेल्यात.

सूर्यभान : माहीत आहे. नावं सांग.

सहादेव : आसाराम, भागूबाई आन् करंजीची कडूबाई. कडूबाईनं गाय इकली गेल्या बाजारी. रोगाची म्हनल्यावर कसायाबिगर कोन घितंय?

मुक्ताबाई : करंजी वाटंवरच हाय. पयलं तिच्या दारात जाऊ.

सूर्यभान : आणि कपिली?

मुक्ताबाई : सून हाय तिच्यापाशी. तासभर कळ काढंल.

सूर्यभान : कडूबाईंना आता काय सांगू मी?

मुक्ताबाई : मला सांगितलं तेच. चुकलं, ठावं नसताना लिवलं म्हनून.