बाबांना थँक्यू म्हटलं

अरे, परवा घरी भलताच घोळ झाला. मोबाईलवर एक मानसशास्त्रवाल्या बाई सांगत होत्या, घरच्यांना मनापासून थँक्यू म्हणा, दोघांनाही बरं वाटतं. आमचे बाबा अंबरनाथच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. सकाळी त्यांच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत. थँक्यू."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "माझे रिपोर्ट आले का?"

मला काही कळेचना. मग आठवलं, आदल्या दिवशी त्यांचं रक्त तपासायला दिलं होतं.

"आले की! सगळं नॉर्मल आहे," म्हणत मी मोबाईल पुढे केला. त्यांनी एकेक आकडा वाचला, तसा चेहरा आणखीच उतरला. माझा हात धरून हळूच म्हणाले,

"मग तुला काय झालंय?"