पतीचा रकाना

१९९९ साल. सांगलीत स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत माझ्या पुढचा नंबर अनसूयाबाईंचा होता. विम्याचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरून देत होता कॅफेवाला सुमंत.

“मावशी, मुलीचं नाव लिहिलं. आता पतीचं सांगा.”

“त्यो रकाना काढून टाक. चौदा वर्सं तोंड दाखवलं न्हाई त्यानं.”

“मला नाही काढता येत. विवाहित म्हटलं की तो आपोआप दिसतो.”

“घरात दिसला न्हाई, आन तुझ्या मशिनीत बरा दिसतोय!”

“रिकामा ठेवला तर फॉर्म पुढंच जात नाही. अविवाहित करू? लगेच लपेल.”

“कर की मग. कटकट गेली.”

“हा बघा, गेला.”

“आरं, आन माझ्या श्रद्धाचं नाव कुटं गेलं?”

“अविवाहित केल्यावर मुलांचा रकानापण लपतो.”

“तिच्यासाठीच तर इमा काढतीया मी!”

“फॉर्मच तसा बनवलाय, मावशी. दोन्ही रकाने बरोबरच येतात, बरोबरच जातात.”

“कुणी बनवलाय? त्याला सांग, नवरा गेला तवा पोरगी माझ्याच कडंवर हुती.”