चढ आला की उतरा

चढ आला की आपण पायीच चालायचं, तर मग गाडी घेतली कशाला? हे विचारलं की दादा नुसता हसायचा. उत्तनच्या चढाखाली गाडी थांबवून म्हणायचा, "उतरा सगळे. वजन कमी, पेट्रोल कमी." आई, वहिनी आणि मी धापा टाकत वर चढायचो आणि हा एकटा राजासारखा गाडीत.

गेल्या महिन्यात दादा वारला. परवा मी टाकी फुल केली, एसी लावला आणि दोघींना घेऊन सुसाट निघालो. काय पळते रे गाडी! चढाखाली जरा थांबलो, तर वहिनीने सवयीने दार उघडलं.

"बस ना वहिनी."

आई म्हणाली, "ओरडेल हं तो."

"ओरडू दे गं. ओरडला तर बरंच होईल."

मी दार लावलं आणि दोघींना बसवूनच चढ चढवला.