भावोजींची छत्री

आम्ही गरीने मासे धरणारे हौशी लोक बाहेरच्या माणसाला ‘छत्री’ का म्हणतो, माहीत आहे?

मी आणि माझा गरीचा जोडीदार बबन भाट्याच्या समुद्रकाठी खडकावर बसलो होतो. माझ्या गरीला दांडगी तांबोशी लागली होती, दोरी बोटांत रुतत होती. आगबोटीने मुंबईहून आलेले भावोजी मागे उभे. मला ऊन लागतंय म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर छत्री उघडली. तिच्यात वारा शिरला आणि ते छत्रीसकट पाण्याकडे घसरले! दोरी सोडून मी त्यांचा पाय धरला. तांबोशी गेली.

घरच्या जावयाला बोलणार कसं? शेवटी बबन छत्रीवरच भडकला, “मेल्ये, काय कळतं गो तुला? कोणी बोलावलं होतं इथे?”

भावोजी धापा टाकत म्हणाले, “अगदी बरोबर बोललात. छत्रीच नालायक!”