गाण्याचा दुसरा भाग

माझा जन्म काँगोतल्या किन्शासाचा, वडील शिंपी, त्यामुळे घरात खायला कमी पण सूट इस्त्रीचा, मी डचमध्ये सांगतो, तुम्ही मराठीत लिहा, पण हे आधी लिहून घ्या ताई, इथल्या लोकांना ते पटत नाही. सोळाव्या वर्षी बँडमध्ये गिटार धरली, मग गायलाही लागलो, आणि एक गाणं इतकं चाललं की बाजारात बायका मला गाण्याच्याच नावानं हाक मारायच्या. आमचं गाणं दोन भागांचं. पहिल्यात नवरा-बायकोचं रडगाणं, सावकाश. मग गायक गप्प बसतो, गिटार सुटते, लोक खुर्च्या सारून नाचतात. गाणं म्हणजे तो दुसरा भाग, पहिला आपला रुमाल शोधण्यापुरता.

नेदरलँड्समध्ये मला सव्वीस वर्षं झाली, आणि काय सांगू तुम्हाला, त्या दुसऱ्या भागापर्यंत मला कुणी पोचूच दिलं नाही. टिलबर्गला एक संस्कृतीच्या जाणकार बाई होत्या, म्हणाल्या सूट काढा, हा झगा घाला, अस्सल दिसाल. मी म्हटलं बाई, हे आफ्रिकन म्हणून विकतात ते कापड तुमच्याच ब्राबांट प्रांतात छापतात. किती विनोदी आहात, म्हणाल्या. मग वीस मिनिटं माझ्या वेदनेवर बोलल्या, वेदना कसली ते मलाही तिथंच कळलं, आणि मला दिली चार मिनिटं. पहिला भाग संपला की टाळ्या, की उतरा खाली.

मग तुमचं आल्मेरेचं मराठी मंडळ, राग मानू नका. अध्यक्ष फोनवर म्हणाले सर, ढोल घेऊन या. मी म्हटलं मी गिटार वाजवतो. हो हो, पण आफ्रिकन म्हटल्यावर, म्हणाले. मी म्हटलं तुम्ही भारतीय म्हणून तुम्हाला कुणी साप घेऊन या म्हटलं तर. मग पंधरा मिनिटं मिळाली. सूट घातला. पहिला भाग संपला, टाळ्या नाहीत, स्वयंपाकघरातून मसालेभाताच्या डावासकट तुम्ही बाहेर आलात, मागं खुर्च्या सरकू लागल्या, मी दुसऱ्या भागाचे पहिले चार सूर वाजवले, आणि अध्यक्ष माइक घेऊन हजर. सन्मान उरकून घेऊ म्हणाले, प्रमुख पाहुण्यांना ट्रेन गाठायचीय. खांद्यावर शाल, हातात नारळ. नारळ धरून गिटार वाजवणारा माणूस अजून जन्मायचाय ताई. नंतर माझ्यावर भाषण झालं, त्यात मी सेनेगलचा होतो.

आता कार्यक्रम सोडले. दर गुरुवारी तुमची मुलगी ईरा गिटार शिकायला येते. मी मराठीतलं शिकलेलं एकच वाक्य बोलतो, बस बाळा, आणि ती डचमध्ये विचारते सुरुवात कुठून करायची. मी तिला दुसऱ्या भागापासूनच शिकवतोय. बोटं चांगली आहेत, देव तिला भरपूर वेळ देवो. मंडळात ती वाजवायला बसेल तेव्हा तुम्ही तेवढा नारळ लपवून ठेवा.