भिंगरीचा हात

दिवसभर शिवणकाम करून शिणलेल्या शिंपीणबाई बसमध्ये डोळे मिटून बसल्या होत्या. पुढच्या बाकावर एक आजोबा शाळेच्या सहलीहून परतलेल्या नातीला घरी नेत होते. त्यांचं बोलणं शिंपीणबाईंच्या कानी आपसूक पडत होतं.

“काय गं, हरणं पाहिलीस की नुसता खाऊच हाणलास?”

“पाहिली. पण निघताना बाईंनी आम्हाला तीनदा मोजलं.”

“तीनदा? तुमच्या बाईंचं गणित कच्चं दिसतंय!”

“हसू नका ना आजोबा. एकतीसच भरत होतो. बत्तीस हवे होते ना? बाई रडकुंडीला आल्या, अनवाणीच तळ्याकडे धावत सुटल्या.”

“अरे देवा! कोण हरवलं?”

“कुणीच नाही. मी मागून जाऊन सांगितलं, बाई, आपली भिंगरी गेल्या महिन्यात तापानं गेली ना.”

“मग गं?”

“बाई मटकन खालीच बसल्या. म्हणाल्या, जुनाच आकडा तोंडात बसलाय.”

“पांडुरंगा!”

“सगळे जोडीनं हात धरून चालत होते, मी एकटी. बाई म्हणाल्या, उद्या तुला नवी जोडीदारीण देते. मला नकोय.”

“बरं बाळा, नको तर नको. चल, थांबा आला, हात दे.”

शिंपीणबाईंनी डोळे उघडले, तर नातीनं डावा हात पुढे केला होता.

“अगं, मी ह्या बाजूला आहे. उजवा दे की.”

“तो भिंगरीचा आहे.”

आजोबा वळसा घालून तिच्या डावीकडे आले, आणि दोघं एकेक पायरी सांभाळत उतरले.